दाजींच्या मतावर खापर फोडण्याआधी मिशिगनचा हिशेब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांच्या नजरेतून तो सुटला असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही मिशिगनमध्ये राहता. २०२४ च्या ऑक्टोबरात चार शनिवार-रविवार कमला हॅरिस यांच्यासाठी दारोदार फिरलात. ३ नोव्हेंबरला, मतदानाच्या दोन दिवस आधी, ताईकडे भाऊबीज होती. जेवताना दाजी सहज बोलून गेले की आपण अर्ली व्होटिंगला जाऊन ग्रीन पार्टीच्या जिल स्टाइन यांना मत देऊन आलोय, गाझामुळे. तुम्ही ताटावरून उठलात. ५ तारखेला मतदान झालं, रात्री निकाल कळला, आणि तेव्हापासून दाजींशी अबोला आहे. आता वर्ष होत आलं, २०२५ ची दिवाळी तोंडावर आली. यंदा भाऊबीजेला जावं की नाही, हा एक प्रश्न. दुसरा म्हणजे दोष नक्की कोणाचा ते एकदाचं कळू दे: दाजींसारख्यांचा, बायडन यांचा, प्रचार चालवणाऱ्यांचा, की ट्रम्पना मत देणाऱ्या आपल्याच देशी मंडळींचा.

मी न्यू जर्सीत राहते. मतदार-याद्यांचं विश्लेषण हा माझा पोटापाण्याचा उद्योग, गेली अठरा वर्षं. निवडणूक संपली की आमचं काम सुरू होतं: कोण मतदानाला आलं, कोण नाही, गेल्या वेळेपेक्षा कुठे किती फरक पडला. शिवाय दर चार वर्षांनी डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत दारं ठोठावायला जाते, तीही तुमच्याच पक्षासाठी. म्हणजे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. २०२४ मध्ये ती काउंटी ट्रम्पनी तीनशेच्याही आत मतांनी जिंकली. जवळपास चार लाख मतांत तीनशे! त्यातली किती दारं मी ठोठावली होती आणि किती राहिली होती, याचा हिशेब मीही रात्री जागून केलाय.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या दिसतात. एक आहे हिशेब आणि दुसरा राग. हिशेब पूर्ण झाला की राग जाईल, अशी तुमची समजूत आहे. तसं होत नाही. पण हिशेब चुकलेला असला तर राग भलत्याच दारी जाऊन बसतो, म्हणून आधी हिशेब करू.

दाजींपासून सुरुवात करते. मिशिगनमध्ये हॅरिस सुमारे ८० हजार मतांनी हरल्या. स्टाइन यांना तिथे ४५ हजारांच्या आत मतं पडली. ती सगळीच्या सगळी हॅरिस यांना मिळाली असती, एकही मतदार घरी बसला नसता, तरी ३५ हजार कमीच पडली असती. आणि मिशिगन जिंकलं असतं तरी काय? राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून मिळणाऱ्या इलेक्टोरल मतांवर. त्यांची २२६ झाली होती, मिशिगनची १५ मिळवून २४१. लागतात २७०. दाजींनी डोळे मिटून तुमचं ऐकलं असतं तरी निकाल तसूभरही हलला नसता.

हे दरवेळी असंच असतं असं मात्र नाही. २००० साली फ्लोरिडात बुश ५३७ मतांनी जिंकले आणि ग्रीन पार्टीच्या राल्फ नेडर यांना तिथे ९७ हजारांवर मतं होती. तिथे नेडरकडे बोट दाखवणाऱ्यांच्या हातात निदान गणित तरी होतं. पण त्याच फ्लोरिडात पाम बीच काउंटीची ती कुप्रसिद्ध मतपत्रिकाही होती. नावं दोन्ही बाजूंना, भोकं मधे, आणि डेमोक्रॅट अल गोरना मत द्यायला गेलेल्या कितीतरी लोकांनी तिसऱ्याच पक्षाच्या ब्युकॅनन यांच्या नावापुढचं भोक पाडलं. फेरमोजणी थांबवणारं सर्वोच्च न्यायालय होतं. आणि अल गोर स्वतःचं टेनेसी राज्य हरले होते. तिथली ११ इलेक्टोरल मतं मिळाली असती तर फ्लोरिडाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं. म्हणजे ५३७ मतांच्या मागे डझनभर कारणं उभी होती आणि त्यातलं प्रत्येक 'हे नसतं तर' म्हणायला पुरेसं होतं. फरक जितका लहान तितके गुन्हेगार जास्त. घासून झालेल्या निवडणुकीत कुठल्याही एका कारणावर खापर फोडता येतं, आणि ते खोटं आहे असं कोणाला सिद्धही करता येत नाही. त्यामुळेच ही भांडणं वर्षानुवर्षं चालतात. नेडरवरून तुटलेल्या मैत्र्या मी अजून बघते.

आता दुसरं खापर: 'आपले लोक घरी बसले.' निकालानंतरच्या आठवड्यात हे तुम्हीही ऐकलं असेल. २०२० मध्ये बायडनना ८ कोटी १० लाखांवर मतं होती, हॅरिसना एवढी कमी कशी, दीड-दोन कोटी डेमोक्रॅट गेले कुठे? गेले कुठेच नव्हते. कॅलिफोर्नियाची मोजणी आठवडे-आठवडे चालते, ती तेव्हा अर्धवट होती. शेवटी हॅरिस ७ कोटी ५० लाखांवर पोचल्या. फरक उरला, पण साठ-पासष्ट लाखांचा. आणि जिथे लढत होती तिथे चित्र आणखी वेगळं निघालं. विस्कॉन्सिनमध्ये हॅरिसना बायडनपेक्षा ३७ हजार मतं जास्त पडली. जॉर्जियातही जास्त. तरी दोन्ही राज्यं हरल्या, कारण ट्रम्पची मतं त्याहून अधिक वाढली होती.

तुमच्या मिशिगनचंच घ्या. हॅरिसना बायडनपेक्षा ६७ हजार कमी, ट्रम्पना स्वतःच्या २०२० च्या आकड्यापेक्षा १ लाख ६७ हजार जास्त. आणि याच मतपत्रिकेवर खाली सेनेटची निवडणूक होती. तिथे डेमोक्रॅटिक उमेदवार एलिसा स्लॉटकिन यांना हॅरिसपेक्षाही कमी मतं पडली, तरी त्या १९ हजारांनी जिंकल्या! हे कसं? ट्रम्पना मत देणाऱ्यांपैकी सव्वा लाखाच्या आसपास लोक त्यांच्याच पक्षाच्या सेनेट उमेदवारापर्यंत पोचले नाहीत. वरचं एक नाव निवडलं आणि बरेचजण घरी गेले, काहींनी खाली दुसऱ्याच कोणाला दिलं. हे लोक तुमच्या वॉक-लिस्टवर नव्हतेच. आपण ज्यांच्या घरी जातो ते आपल्या बाजूचे किंवा कुंपणावरचे. फक्त ट्रम्पसाठी म्हणून उठून येणारा माणूस आपल्या यादीत नसतो. मग ज्या दारावर आपण गेलोच नाही, तिथे काय घडलं याचा दोष दाजींच्या ताटात का वाढायचा?

पहिल्या आठवड्यातल्या स्पष्टीकरणांवर माझा विश्वास २००४ पासूनच उडालाय. तेव्हा बुश यांच्यासमोर डेमोक्रॅट जॉन केरी हरले. एक्झिट पोलमध्ये मतदारांना मुद्द्यांची एक यादी देऊन सर्वांत महत्त्वाचा कोणता ते विचारलं होतं. 'नैतिक मूल्यं' २२ टक्के, अर्थव्यवस्था २०, दहशतवाद १९, इराक १५. झालं! धार्मिक मतदारांनी आणि समलिंगी विवाहाच्या प्रश्नाने बुशना जिंकवलं, असं सगळीकडे छापून आलं. पण दहशतवाद आणि इराक हे दोन वेगळे पर्याय म्हणून दिले नसते, 'युद्ध आणि सुरक्षा' असा एकच ठेवला असता, तर तो ३४ टक्क्यांवर पहिला आला असता. पर्यायांची मांडणी बदलली की आरोपी बदलतो. मी तेव्हा ग्रीन कार्डावर होते, मत नव्हतं, फक्त फोन करायचे. त्या २२ टक्क्यांवरून मी स्वतः तावातावाने एक लांबलचक ईमेल पन्नास जणांना पाठवली होती. तिची आठवण कोणी काढली नाही तर बरं.

आणि हे फक्त एका पक्षाचं दुखणं नाही. २०१२ मध्ये रॉम्नी हरल्यावर रिपब्लिकन पक्षाने रीतसर चिंतन केलं आणि मार्च २०१३ मध्ये अहवाल काढला: लॅटिनो मतदार हवेत तर स्थलांतर कायद्यात सुधारणेला पाठिंबा द्या, सूर मवाळ करा. तीन वर्षांनी त्याच पक्षाचा उमेदवार नेमका उलटा सूर लावून जिंकला, आणि २०२४ मध्ये लॅटिनो मतांत त्याचा वाटा भरपूर वाढला. एवढ्या शहाण्या लोकांचं पोस्टमॉर्टेम, आणि जखम मांडीला मलम शेंडीला. २०२० मध्ये हरल्यावर तर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी हरलोच नाही, असंच ठरवून टाकलं. साठाहून जास्त खटले झाले, हाती काही लागलं नाही.

मग कामात आम्ही काय करतो? 'काठावरून कशाने ढकललं' आणि 'आपण मुळात काठावर का होतो' हे प्रश्न वेगळे ठेवतो. पहिल्याला शेकडो उत्तरं असतात. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन मिळून हॅरिस सुमारे २ लाख ३० हजारांनी हरल्या. म्हणजे दीड कोटींहून जास्त मतांमधल्या सव्वा लाखाच्याही आत लोकांनी, तेही योग्य ठिकाणच्या, ऐनवेळी विचार बदलला असता तर इलेक्टोरल मतं बरोब्बर २७० झाली असती. तोच प्रचार, तेच स्वयंसेवक, आणि आज सगळे म्हणाले असते की बायडन यांच्या माघारीनंतर उरलेल्या १०७ दिवसांत केवढी कमाल केली. तुम्हाला मनात येणारं कुठलंही कारण या चाळणीतून एकदा काढून बघा: निकाल उलटा लागला असता तर मी हेच म्हटलं असतं का?

दुसरा प्रश्न कठीण आहे पण तिथे हाती काहीतरी लागतं. २०२० च्या तुलनेत सगळीच्या सगळी ५० राज्यं ट्रम्पकडे सरकली. न्यू जर्सीत बायडन १६ टक्क्यांनी जिंकले होते, हॅरिस जेमतेम ६. इथे राष्ट्राध्यक्षपदाचा प्रचार जवळपास नव्हताच. उलट विस्कॉन्सिनमध्ये, जिथे पैसा आणि माणसं ओतली, तिथे सरकणं दीड टक्क्यांचं. देशभर ते सहा टक्के होतं. म्हणजे तुमची पायपीट वाया गेली असं माझे आकडे तरी म्हणत नाहीत. जिथे आपण फिरलो तिथे घसरण कमी झाली. पुरेशी कमी झाली नाही, एवढंच.

घसरण कशाची? बक्स काउंटीतल्या लेव्हिटाउनमधलं एक दार मला आठवतं. ऑक्टोबरचा दुसरा रविवार, दारावर भोपळे मांडलेले, पन्नाशीची बाई. २०२० ला बायडनना मत दिलेली, तिनेच सांगितलं. मी आमचं ठरलेलं बोलायला लागले तशी ती आत गेली आणि कारच्या विम्याचं बिल घेऊन आली. माझ्या हातात दिलं. काही बोललीच नाही. मी बिल वाचलं, परत दिलं, 'हो, फारच वाढलंय' म्हणाले आणि पायऱ्या उतरून, दारोदार फिरताना आम्ही वापरतो त्या मिनीव्हॅन ॲपमध्ये तिच्या नावापुढे 'अनिश्चित' अशी खूण केली. ॲपमध्ये विम्याच्या बिलासाठी खूण नाही. त्या दिवशी तशी तीन दारं झाली. चार वर्षांत एकूण किमती साधारण वीस टक्के वर गेल्या होत्या. महागाईचा दर २०२४ पर्यंत खाली आला होता हे खरं, पण दर खाली आला म्हणजे किमती खाली येत नाहीत, आणि हे त्या बाईला अर्थशास्त्र्यांपेक्षा चांगलं कळत होतं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाचा धुव्वा उडाला, जपानमध्ये सत्ताधाऱ्यांचं बहुमत गेलं, आपल्याकडे भाजप ३०३ वरून २४० वर आला. प्रत्येक देशाची कारणं वेगळी होती, पण सत्तेत असणं त्या वर्षी बहुतेक ठिकाणी सोपं नव्हतं.

'म्हणजे दोष कोणाचाच नाही?' असं तुम्ही विचाराल. असं मी म्हणत नाही. माझा निकष साधा आहे: ज्याच्या हातात निर्णय होता आणि ज्याला आधी कळायला वाव होता, त्याचा वाटा मोठा. त्या हिशेबात बायडन वर येतात. एप्रिल २०२३ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, पुन्हा उभं राहायचं त्यांनी ठरवलं. पक्षातल्या ज्यांना हे पटत नव्हतं त्यातले बहुतेक गप्प बसले, पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्रायमरी खऱ्या अर्थाने झालीच नाही. २७ जून २०२४ ची ती वादचर्चा झाली आणि २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. हॅरिस बाईंचाही वाटा आहे. तुम्ही बायडनपेक्षा वेगळं काय केलं असतं, असं टीव्हीवर विचारल्यावर त्यांना काही सुचलं नाही, आणि ती क्लिप समोरच्यांनी जाहिरातीत घालून शेवटपर्यंत वाजवली. गाझाबद्दल म्हणाल तर मिशिगनमध्ये २७ फेब्रुवारीच्या प्रायमरीतच एक लाखावर लोकांनी 'अनकमिटेड' (कोणालाच बांधील नाही) या रकान्यावर खूण केली होती. धोक्याची पाटी आठ महिने आधीच लागली होती. नोव्हेंबरात अरब वंशाची मोठी वस्ती असलेल्या डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले आले आणि स्टाइनना १८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. ती पाटी वाचायचं काम ज्यांचं होतं त्यांनी वाचली नाही. तुमचे दाजी पाटी लावणाऱ्यांत होते. तुम्हाला त्यांचा मार्ग पटत नसेल. मलाही पटत नाही, मी त्यांच्या जागी असते तर नाक दाबून हॅरिसना मत दिलं असतं. पण न वाचणाऱ्याचा राग पाटी लावणाऱ्यावर का काढायचा?

देशी मतांबद्दल फार लिहीत नाही. निवडणुकीआधीच्या एका नावाजलेल्या पाहणीत भारतीय वंशाच्या मतदारांपैकी साठेक टक्के हॅरिसकडे आणि तीसेक टक्के ट्रम्पकडे होते. २०२० मध्ये ते ६८ आणि २२ होतं. सरकलेत, खरंय. पण बाकी देशही सरकलाच. 'आपले लोक' म्हणून आपण त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवतो, ती आपली अडचण आहे. चिकोडीकडचे श्री ठाणेदार तुमच्याच डेट्रॉइटमधून त्याच दिवशी डेमोक्रॅट म्हणून अमेरिकी संसदेवर पुन्हा निवडून आले, तेव्हा आपल्या लोकांमुळे जिंकलो असं मात्र कोणी म्हटलेलं मला आठवत नाही.

आता तुमचा मूळ राग. इथे काही गोष्टी मला दिसत नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. निकालामुळे तुमच्या घरात कोणाचा व्हिसा अडकला असेल, नोकरी गेली असेल, तर तुमचा राग माझ्या आकड्यांनी निवणार नाही, निवूही नये. किंवा दाजींशी आधीपासूनच काही कुरबुर असेल, घरावरून, पैशावरून, तर निवडणूक नुसतं निमित्त झालं. हे तुम्हालाच ठाऊक. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तसं वाटत नाही. मला वाटतं तुम्ही चार आठवडे थंडीत फिरलात आणि त्या मेहनतीला कोणीतरी हात लावला असं तुम्हाला वाटलं. बायडन काही तुमच्या शेजारच्या पाटावर बसून श्रीखंड खात नव्हते. दाजी खात होते.

हे मी कशावरून म्हणते? २०१६ मध्ये आमच्या गणपतीच्या मंडळातल्या एका मैत्रिणीने मत दिलंच नाही. आईचं आजारपण होतं, ती भारतात गेली होती, पोस्टाने मत मागवायचं राहून गेलं. विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांच्या आत मतांनी निवडणूक गेली आणि मी तिच्याशी जवळपास दोन वर्षं धड बोलले नाही. मखराचं सामान तिच्या गराजमध्ये असायचं, ते आणायलाही नवऱ्याला पाठवायचे. आणि आम्ही दोघी राहतो न्यू जर्सीत, जिथे हिलरी १४ टक्क्यांनी जिंकल्या होत्या! धंदा मतमोजणीचा, आणि एवढं साधं गणित मी केलं नाही. करायचंच नव्हतं, असं आता वाटतं. कोणावर तरी रागवायला जवळचं माणूस सोयीचं पडतं, लांबचं हाताला लागत नाही.

तर भाऊबीजेला जा. तिथे निवडणुकीचा विषय काढायचा की नाही ते वातावरण बघून ठरवा, पण निघालाच तर दारावर जे करतो तेच करा. 'तुम्ही असं का केलंत' हे वाक्य वापरू नका, त्याने माणूस वकिली करायला लागतो. 'कधी ठरवलंत?' असं विचारा. यादीवर मला माणसाने मत दिलं की नाही एवढंच दिसतं, कोणाला दिलं ते कधीच दिसत नाही. पण दारावर 'कधी' विचारलं की लोक आपणहून सगळं सांगतात: कुठला दिवस होता, काय बातमी पाहिली, कोणाशी बोलणं झालं. आणि ते सांगत असताना मधे बोलू नका. मला हे जमायला तीन निवडणुका लागल्या. २०२६ च्या नोव्हेंबरात तुमच्याकडे गव्हर्नरची आणि सेनेटची निवडणूक आहे, तिथे स्टाइन नाहीत आणि ट्रम्पही नाहीत. दाजी तुमच्याबरोबर एखाद्या शनिवारी फिरायला येतील की नाही, मला माहीत नाही. पण त्यांचं ऐकून न घेता तर नक्कीच येणार नाहीत.

ताईला मात्र आजच फोन करा. यंदा भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी आहे, म्हणजे इथल्या रिवाजाप्रमाणे ती शनिवारी पंचवीसलाच साजरी होणार. पानं किती मांडायची ते तिला आधी कळलेलं बरं.